मजूर पक्षासाठी अनवाणी

भिलाई, सेक्टर २
९ नोव्हेंबर १९५९

गुलाब,

आशीर्वाद मागून देईन. आधी हे सांग, पक्ष हरला त हरला, तू कावून नाही आला?

तुहं पत्र ऐन दिवाळीच्या फराळात आलं. कौशल्यानं हात धुतले, पदराले पुसले, अन् पाकीट माह्या हातात देऊन समोर बसली. मले वाटलं, आली एकदाची निघायची तारीख. मी मोठ्यानं वाचून राहिली अन् वाचता वाचता माह्या अंगाचा तिळपापड होऊन राहिला. पहिलं पान, तुहा विलायतेचा मजूर पक्ष तिसऱ्यांदा कावून हरला. दुसरं पान, पुढाऱ्याची माणसं म्हणतात की कारखाने सरकारी करायचं ते जुनं कलम काढून टाका, त्याच्यानंच मतं गेली. दुसरा गट म्हणते कलम काढलं त पक्ष कशाले म्हणायचं. तिसरं पान, शेफील्डच्या तुह्या वार्डात कोण कोणाशी बोलत नाही. अन् कागद संपता संपता, कोपऱ्यात: 'कौशल्या मजेत असेल.'

मजेत असेल! अरे, ती तुही बायको आहे का तुह्या वार्डातली मतदार?

लग्न झालं अन् वर्ष फिरायच्या आत तू गेला, तिले माह्या घरी ठेवून. ट्रेनिंग संपलं की येतो, भिलाईत लागतो, क्वार्टर घेतो. तुह्या भरोशावर मी तिच्या बापाले शब्द देल्ता. ट्रेनिंग संपलं त म्हणला, जरा तिथल्या कारखान्याचा अनुभव घेतो. मंग युनियन आली. मंग पार्टी आली. मंग म्हणला, निवडणूक होऊ दे, आमचं राज्य आलं की येतो. आता लिहून राहिला, 'हरलेल्या पक्षाला असं सोडून येता येत नाही, पुढच्या वेळी आमचं राज्य आलं की त्याच आठवड्यात निघतो.' पुढची वेळ म्हणजे पाच वर्षं! लिहितांना हात नाही अडखळला तुहा?

तुहे भाऊजी म्हणतात, साहेबानं पुन्हा विचारलं, पंजाबराव, तुमचा विलायतवाला साला कब आ रहा है. फर्नेस पेटली, लोखंड निघालं, माणसं पाहिजेत. तुमच्या त्या कलमावर भांडणाऱ्यायलेही इकडं पाठवून दे. सरकारी कारखाना कसा असते ते डोळ्यानं पाहून घ्या म्हणा, लाल धूळ खा, रशियन साहेबायच्या शिव्या खा, मंग ठरवा कलम ठेवायचं का नाही.

कौशल्याले काय लिहू विचारलं. म्हणली, थंडीत गळ्याले मफलर बांधत जा म्हणा.

तुही बहीण,
भागीरथा


१२ एप्रिल १९६०

गुलाब,

चैत्राच्या नवरात्रात आमी दोघी डोंगरगडले गेल्तो, बमलेश्वरीले. पायऱ्या चढता चढता माहा दम निघाला, कौशल्या मातर पोट्टीसारखी पुढं. वर गेल्यावर तिनं ओटी भरली, नारळ ठेवला, अन् मोठ्यानं नवस बोलली. आपल्यात नवस मनात बोलत नाहीत, देवीले अन् बाजूच्याले दोघायले ऐकू गेला पाहिजे, म्हणजे मागून फिरता येत नाही. मी कान देऊन उभी. मले वाटलं, म्हणन, माय, माहा नवरा घरी आण.

ती म्हणली, "माय, त्यायच्या मजूर पक्षाचं राज्य येऊ दे. ते येईपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही."

पुजारी पाह्यतच राह्यला. त्याले वाटलं भिलाईच्या मजुरायचीच काही पार्टी असन. म्हणला, होईन बाई, होईन. तिनं चपला तिथंच पायरीवर सोडल्या. उतरतांना मी म्हणली, कावून वो, असं उलटं कावून मागतलं? तिले त्याच्यात उलटं काहीच दिसलं नाही. म्हणली, "बाई, ते म्हणले न, राज्य आलं की येतो. त्यायचा शब्द आहे. अडलं आहे ते फक्त राज्याचं."

मी हसली. गाडीत बसल्यावर मातर हसू नाही आलं. तिचा तुह्यावर एवढा भरोसा आहे, की तुह्यासाठी देवाले काही मागायची गरजच तिले वाटत नाही. तिच्या हिशोबानं तू येऊनच राहिला, फक्त इंग्लंडचे लोक मधात आडवे झोपले आहेत.

तुह्या पत्रात लिहिलं आहे की कलमाची भानगड मिटली, कलम ठेवलं अन् त्याच्या बाजूले आणखी काहीतरी गोड गोड लिहिलं. म्हणजे दोन्ही गट नाखूश. तुमी लोक मिटवता तेही असं मिटवता. आता तरी एकीनं राहा. ती अनवाणी आहे.

भागीरथा


२० नोव्हेंबर १९६०

गुलाब,

आता अॅटमबॉम्ब!

तुमच्या त्या समुद्रकाठच्या अधिवेशनात बॉम्ब टाकून द्यायचा, जवळ ठेवायचाच नाही, असा ठराव पास झाला, अन् पुढाऱ्यानं तिथंच उभं राहून सांगतलं की मी हा ठराव मानत नाही, मी लढन, लढन, आणखी लढन. कोणाशी लढन? आपल्याच लोकायशी! अन् तू आधी पुढाऱ्याच्या गटात होता, आता बॉम्बवाल्या गटात गेला, अन् ज्या गोऱ्या दोस्ताच्या घरी तू दर रविवारी जेवायचा, त्यानं तुले दारातून परत पाठवलं. हे सगळं तू अशा थाटात लिहिलं आहे जसं काही लढाईवर जाऊन आला.

मले शिसारी आली. एका चुलीवर शिजवणारे लोक, बाहेर वैरी बसला आहे राज्य घेऊन, अन् हे घरात एकमेकायच्या उरावर. तुमच्यापैकी एकाच्याही बॉम्बले हात लावायची सोय नाही, बॉम्ब राज्य करणाऱ्याच्या हातात. आधी राज्य त आणा, मंग टाकून द्या नाही त उशाले घेऊन झोपा. हे मले कळते, चौथी शिकलेल्या बाईले. तुमाले कावून कळत नाही गा?

इथं तुहे भाऊजी नागपूरचा पेपर आणतात, शिळाच असते, अन् घरात सगळे पहिले विलायतेची बातमी शोधतात. नळावर पाण्याले गेली की धोबीण विचारते, "तोर पार्टी ह जीतिस का, बहिनी?" माही पार्टी! साऱ्या सेक्टरले माहीत झालं, ह्या घरातली भावजय विलायतेच्या पार्टीसाठी अनवाणी आहे.

तिकडं तुमच्या एका ठरावानं मतं इकडची तिकडं गेली की इकडं एका बाईच्या पायाले आणखी एक उन्हाळा लागते. हे ध्यानात ठेवून हात वर करत जा.

भागीरथा


२८ मे १९६१

गुलाब,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. ह्या वेळी फाडत नाही.

तू पार्टीच्या मीटिंगमध्ये सांगतलं की हिंदुस्थानात माही बायको आपल्या पक्षाच्या विजयासाठी अनवाणी चालून राहिली, अन् लोकायनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. वरून त्यायच्या पत्रकात ते छापून आलं, ते कात्रण तू आमाले पाठवलं. फुशारकीनं!

कौशल्यानं कात्रण हातात घेतलं. इंग्रजी तिले येत नाही. तुह्या पत्रातलं मी वाचून दाखवलं त म्हणली, "टाळ्या कावून वाजवल्या, बाई?" मी भाकरी थापायले बसली, अन् ती रागाच्या भरात फाटली, दुसरीही फाटली.

भिलाईचा मे महिना तू पाह्यला नाही. झाडं लावली आहेत, ती अजून गुडघ्याएवढी. डांबर पायाले चिकटते. तिच्या टाचा पाह्य त तुहं जेवण जाणार नाही. राती मी तूप लावून देते म्हणलं त लाजते. अन् तू त्या टाचायवर भाषण केलं! एवढी नीच गोष्ट माहा भाऊ करन असं मले कोणी सांगतलं असतं त मी त्याच्या तोंडात मारली असती.

घरातही आता तुमच्यासारखे दोन गट झाले. तुहे भाऊजी म्हणतात, तिच्या बापाले बोलावून तिले माहेरी तुमसरले पाठवून द्या, आपण कुठवर सांभाळायचं. मी म्हणते, माह्या भरोशावर आली, माह्याजवळ राहीन. ती दोघायचंही ऐकून घेते अन् पाण्याले जाते.

समोरच्या क्वार्टरमध्ये आमगावकडचा लहानू राहते, रोलिंग मिलमध्ये आहे, बायको मागच्या साली टायफाइडनं गेली. तो दुपारी शिफ्टवर जायच्या आधी नळापासून आमच्या दारापर्यंत रस्त्यावर बादलीनं पाणी शिंपडते. म्हणते धूळ उडते. धूळ साऱ्या भिलाईत उडते, हा एवढाच पट्टा शिंपडते. बाया बोलून राहिल्या. मी बायायची तोंडं बंद केली. तुहं कोण बंद करन?

साहेबानं आता विचारणं सोडलं. तुही जागा भरली.

भागीरथा


२४ फेब्रुवारी १९६३

गुलाब,

तुमचा पुढारी गेला हे पेपरात वाचलं. वाईट वाटलं. ज्याच्या नावानं मी एवढ्या शिव्या देल्या तो माणूस असा अचानक गेला, मले कसंसंच झालं. कौशल्यानं तुळशीजवळ दिवा लावला. सांग तुह्या पार्टीवाल्यायले, की भिलाईत सेक्टर २ मध्ये एका बाईनं त्यायच्यासाठी दिवा लावला. पण भाषणात नको सांगू!

अन् तुहं पत्र पाह्यलं. माणूस जाऊन आठवडा नाही, अन् तीन जण खुर्चीसाठी उभे, अन् तू कोण कोणाच्या मागं आहे त्याचं गणित मांडून बसला. नवीन पुढारी आला, तो दोन्ही गटायले धरून चालन, पोटनिवडणुका जिंकून राहिलो, आता राज्य येतेच, असं तू लिहितो. चार पानं! चार पानात बायकोचं नाव नाही. ह्या वेळी 'मजेत असेल' हेही नाही. मी पुन्हा पुन्हा पाह्यलं, म्हणलं पाठीमागं असन.

ती म्हणली, "राहू द्या बाई, कामात असतील." ते ऐकून मी उठून अंगणात गेली. तिच्यासमोर माह्या तोंडातून काहीबाही निघालं असतं.

भाऊजी आता तिले तुमसरले पाठवायचं नाव काढत नाहीत. तिनं शेजारच्या पोट्ट्यायले मराठी बोलायले शिकवणं सुरू केलं, घरी नाही त हिंदीतच बोलतात सारे. अंगण भरते.

भागीरथा


२० ऑक्टोबर १९६४

गुलाब, माह्या भावा,

जिंकले! माय वो, जिंकले!

इकडं दसऱ्याचं सोनं वाटून राहिलो अन् तिकडं तुमचं मतदान. दुसऱ्या दिवशी रेडिओपाशी सारा सेक्टर. त्याच आठवड्यात रशियातही गादी बदलली, आपल्या रशियन साहेबायचे चेहरे पाहण्यासारखे झाले, पण आमाले कोणाले त्याचं पडलं होतं! इंग्लंडात मजूर पक्षाचं राज्य आलं असं रेडिओवाला म्हणला अन् धोबीण एवढ्या जोरात ओरडली की समोरून लहानू धावत आला, म्हणला काय पडलं? मी म्हणली, सरकार पडलं बापा, सरकार!

कौशल्या लगोलग उठली. आत गेली अन् आतली खोली झाडायले लागली. तीन दिवस झाले, झाडूनच राहिली. गादीले ऊन दाखवलं. तुह्या कोटासाठी एक खुंटी रिकामी केली. मी म्हणली, आता चप्पल घाल. म्हणली, नवस फेडल्याशिवाय कशी घालू, ते आले की दोघं जोडीनं जाऊ.

मागं मी काय काय लिहिलं ते मनात ठेवू नको. बहीण आहे, बोलन. तुमचे दोन्ही गट एकत्र आले, शहाणे झाले, देव त्यायचं भलं करो. तुही 'जिंकलो' एवढीच तार आली. आता दुसरी कर, निघाल्याची. दुर्गच्या स्टेशनावर आमी सारे येतो.

भागीरथा


२९ नोव्हेंबर १९६४

गुलाब,

तुहं पत्र भेटलं.

राज्य आलं, पण बहुमत चारच खासदारायचं. कधीही पडू शकते. दोन गट पुन्हा डोकं वर काढून राहिले. वर्षा-दोन वर्षात पुन्हा निवडणूक. त्याच्यात आता पोलादाचे कारखाने सरकारी करायचे आहेत, त्यावर आपल्याच पक्षातले काही जण फुटायले बसले. 'अशा वेळी मी इथे असणं आवश्यक आहे. कौशल्या समजून घेईल.'

मी वाचून दाखवलं. ह्या वेळी एकही शब्द सोडला नाही, गिळला नाही, गोड केला नाही. बहुमताचे चार खासदार तिले दोनदा समजावून सांगतले. तिनं विचारलं, "म्हणजे राज्य आलं न पण?" मी म्हणली, हो, आलं. "मंग ठीक आहे," म्हणली, अन् उठून ओटीचं सामान काढायले लागली.

मी भडकली. म्हणली, कशाचा नवस फेडतं? कोण आलं? कुठं आहे नवरा? देवीनं फसवलं तुले, त्यानं फसवलं, साऱ्या दुनियेनं फसवलं, अन् तू नारळ घेऊन निघाली! आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडली.

"देवीनं तिचा शब्द पाळला, बाई," ती म्हणली. "मी पक्षाचं राज्य मागतलं, तिनं राज्य देलं. हे घरी येवोत असं मी मागतलंच नाही. मले वाटलं, ते त येऊनच राहिले, ते काय मागायचं."

मी तिथंच चुलीजवळ बसून रडली, गुलाब. तुह्यासाठी नाही.

परवा आमी डोंगरगडले जाऊन आलो. ती अनवाणी चढली, अन् वर गेल्यावर मोठ्यानं म्हणली, "माय, तुहं माहं फिटलं." दुसरं काही मागतलं नाही. मी कान देऊन उभी होती. उतरल्यावर खालच्या दुकानातून तिनं चप्पल घेतली. पाय एवढे पसरले की तिच्या मापाची भेटेना, शेवटी गडीमाणसाची भेटली. दुकानदार म्हणला, किसके लिए? म्हणली, मेरे लिए.

आता खाली लिहिते ते नीट वाच.

लहानूनं भाऊजीजवळ विचारणा केली. सहा महिने झाले. तिले कळवलं तेव्हा ती म्हणली, माहा नवस आहे, नवसात असतांना मले हे विचारू नका. त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही, पाणी मातर शिंपडत राह्यला. डोंगरगडहून आल्यावर तिनंच मले सांगतलं, बाई, त्यायले हो म्हणा.

आपल्यात बाईचा पाट लागते, दुसरं लग्न होते, ते तुले सांगायले नको. आपल्या मोठ्या मामीचाही लागला होता, तू तिच्याच हातचं खाऊन मोठा झाला. पंचायले तुही सोडचिठ्ठी पाहिजे. तिचा बाप येऊन गेला, माह्या पाया पडाले लागला, मी त्याचे हात धरले. पाट माह्या घरून लागन. ओटी मी भरीन. लोक म्हणतात, नणंदेनं भावजयीचा पाट लावला असं कुठं ऐकलं नाही. आता ऐका म्हणा.

तुले वाटन, घरात ह्याच्यावर गट पडले असन. नाही पडले. तुहे भाऊजी, मी, तिचा बाप, अन् ती. तुमच्या बहुमताइतकेच आमी चार जण. पण आमच्यातलं कोणी फुटत नाही.

सोडचिठ्ठी पोस्टानं पाठव. तुही सही अन् दोन ओळी पुरेत. त्याच्यात पक्ष, गट, कलम, काही लिहू नको. पंच साधे लोक आहेत, घाबरतील. अन् ह्या पत्राचं मीटिंगमध्ये नाव काढलं त मले बहीण म्हणू नको.

थंडी असन तिकडं. गळ्याले मफलर बांधत जा असं पहिले ती सांगायची. मी विचारलं, आता काय लिहू? म्हणली, काही नाही.

ती आत्ताच पाण्याले निघाली. नवी चप्पल पायाले मोठी होते, फटफट वाजून राहिली, नळापर्यंत ऐकू येते.

भागीरथा